घारीची नजर बारा

४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

अनेक उत्तम आशीर्वाद, पण आज जरा हात आखडताच.

तुझं पत्र वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. तू नोकरीसाठी लांब गेलास, तरी रविवारचा सोंगांचा आणि फाशांचा खेळ मोडायला नको म्हणून आपण तिघांनी तो पत्रांतून चालू ठेवला. तू गोष्ट चालवणारा सूत्रधार, तुझ्या ताईचा, म्हणजे ठकीचा, वैद्य आणि माझी तिरंदाज घारी. गेली कित्येक वर्षं ही घारी तुझे राक्षस डोंगरापलीकडून टिपते आहे. आता तू एका गुहेत विषारी धूर सोडतोस, फासे टाकतोस आणि खुशाल कळवतोस की घारीची नजर पंधरा गुणांवरून बारावर आली. बरं, आली तर आली. पण 'दूरचा नेम' या हुन्नराला नजर पंधरा लागते म्हणून तो बंद, त्याच्यावर उभा असलेला 'वाऱ्यातला नेम' बंद आणि त्याच्याही वरचा 'अंधारातला नेम' बंद! हा कुठला न्याय? ते हुन्नर मी शिकले तेव्हा नजर पंधरा होतीच ना? अट शिकताना बघायची की जन्मभर? नियमांचं पुस्तक तुझ्याकडे आहे. नीट वाच आणि सांग.

डोळ्याचं विचारलं होतंस. उजव्या डोळ्यात अगदी मध्यभागी डाग धरलाय. कडेचं सगळं दिसतं. जे बघायला जावं तेवढंच पुसलं जातं. डॉक्टर म्हणाल्या, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. भिंग लावायचा डोळा नेमका तोच. घड्याळांच्या शोरूमचे मॅनेजर येऊन गेले. दुरुस्तीचं दुकान बंद करा आणि आमच्या काउंटरवर विक्रीला बसा म्हणाले. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. पण मुद्दा तो नाही. मुद्दा घारीचा आहे.

मार्करने मोठं अक्षर काढलंय, म्हणून चार पानं झाली. लोभ आहे, तो वाढवायचा की आटवायचा ते तुझा निकाल आल्यावर बघू.

तुझी,
आई

११ फेब्रुवारी

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

साडेतीन पानं घारी आणि अर्धं पान डोळा, ही तुझी वाटणी वाचून रात्री जेवण गोड लागलं नाही. इतके दिवस भिंगाशी झटापट करत होतीस आणि मला 'सगळं ठीक' लिहीत होतीस. रागवायचा हक्क खरं तर माझा आहे.

आता नियम. मी ते प्रकरण चाळून चाळून वाचलं; त्याची झेरॉक्सही सोबत पाठवतोय. पूर्वअट फक्त शिकताना बघायची नसते, ती कायम पुरी व्हावी लागते. गुण अटीखाली गेला की हुन्नर वापरता येत नाही. पण तो जातही नाही; घारीच्या पत्रकावर तसाच राहतो. वरचे दोन्ही खालच्यावर उभे, म्हणून तेही बंद. दुसरी वाट फेरशिक्षणाची. पातळी वाढली की एक जुना हुन्नर सोडून नवा घेता येतो. मात्र वरचा उभा असताना खालचा काढता येत नाही, म्हणजे आधी 'अंधारातला', पुढच्या पातळीला 'वाऱ्यातला', असं उतरत यायचं.

एवढं कशाला, मी सूत्रधार आहे. तुझ्यासाठी नियम बाजूला ठेवतो. तिन्ही एकदम सोड आणि 'सौदा', 'गोड बोलणं' असलं काहीतरी घे. नाहीतर तो धूर झालाच नव्हता असं समजू. आणि शोरूमची नोकरी घे, आई. बसून काम, पगार ठरलेला, डोळ्याला ताण नाही.

राग मानू नकोस. लोभ आटवलास तर मी कुणाकडे बघायचं?

तुझा,
टिल्लू

१६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

अ. उ. आ.

अरे शहाण्या, काय लिहून बसलास हे! आई दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली की इतकी वर्षं एकदाही फासा उलटवून मागितला नाही, आणि आता पोराने भीक घातली. 'गोड बोलणं' हा शब्द तर तिने इतक्यांदा उच्चारला की मलाच त्या हुन्नराची शिसारी आली. तुला आईचा स्वभाव माहीत नाही का?

दुकान ती रोज उघडते. परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांचं घड्याळ खोललं आणि हेअरस्प्रिंग चिमट्यात चुरगाळली. केसाएवढी ती स्प्रिंग, बिघडली की संपलंच. तिने लपवलं नाही. तोंडावर सांगितलं, माफी मागितली. ते गृहस्थ बिचारे घड्याळ रुमालात गुंडाळून निघून गेले, आणि मग आई दिवा चालू ठेवून नुसती बसून राहिली. मला ते बघवलं नाही.

काल तिने माझ्याकडून फेरशिक्षणाचं अख्खं प्रकरण मोठ्याने वाचून घेतलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी दिवसभर लॅबमध्ये राबून आलेले, डोकं ठणकत होतं. खेळच आहे गं, असं म्हणून गेले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट पुढचं पान उलटलं. माझं तर विचारूच नकोस. दातांच्या लॅबमध्ये इतकी वर्षं एकेक दाढ हाताने घडवली. आता मालकांनी दाढा कोरणारं यंत्र आणलंय आणि मी उरलेय पॉलिश करायला. कुणाकडे तक्रार करू? घरात आधीच एक तक्रार बसलेली आहे.

तिला सवलत देऊ नकोस. निकाल दे. पत्र वेळेवर टाकलंस तर लोभ, नाहीतर चिमटा.

तुझी,
ताई

२३ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. अक्षर ठकीचं आहे, शब्द माझे. मध्ये तिने काही घुसडलं तर त्याला मी जबाबदार नाही.

तुझी दया तुझ्यापाशीच ठेव. धूर लागला तो लागला. सूत्रधाराने फासा फिरवला तर मग आजवर मी मारलेले राक्षस तरी खरे कशावरून?

आता ऐक. त्याच प्रकरणाच्या शेवटी एक ओळ आहे, ती तू वाचलीच नाहीस. नवा हुन्नर घेणाऱ्याने, ज्याच्याकडे तो आहे अशाकडून शिकावा. 'ज्याला वापरता येतो' असं नाही लिहिलेलं. तूच लिहिलंस की घारीचे हुन्नर बंद आहेत, पण गेलेले नाहीत. म्हणजे आहेत. म्हणजे तिला शिकवता येतात. ठकीच्या वैद्याची नजर सोळा. पुढच्या पातळीला त्याने 'विषपरीक्षा' सोडावी आणि घारीकडून 'दूरचा नेम' घ्यावा. नाहीतरी त्या विषपरीक्षेने गुहेत काय दिवे लावले? (हे अन्यायाचं आहे, धूर मागून आला होता. — ठकी)

पण मग मला काही बदलता येत नाही, हेही मला कळतं. मी एकेक हुन्नर सोडून 'सौदा' वगैरे घेत गेले तर घारी पुन्हा कामाची होईल, पण शेवटी शिकवण्यासारखं तिच्याकडे काही राहणार नाही. ठेवलं तर ती लढाईत नुसती मागे उभी. वाईट वाटतं, टिल्लू. खूप वाईट वाटतं. तरी मी ठेवते.

शोरूमला नाही म्हणून कळवलं. ठकी संध्याकाळी दुकानात बसणार आहे. (विचारलं नाही, सांगितलं. — ठकी) भिंगाची तिला सवय आहे, हात स्थिर आहे, फक्त चिमटा दात उपटायला निघाल्यासारखा धरते. निकाल सविस्तर दे आणि लाड करू नकोस. लोभाचं त्यावर ठरेल.

आई

२ मार्च

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

तू नोकरी नाकारलीस हे वाचून मी पत्र टेबलावर आपटलं. मग तुझ्या युक्तिवादात फट शोधायला बसलो, कारण ती सापडली असती तर तुला पुन्हा समजावता आलं असतं. पुस्तक उभं-आडवं पाहिलं. फट नाही. मला हे आवडलेलं नाही, तरी निकाल असा: घारी शिकवू शकते. वैद्य 'विषपरीक्षा' सोडून 'दूरचा नेम' शिकेल. शिकणं पुरं होईपर्यंत दोघांनी मुक्काम हलवायचा नाही, हाही नियमच आहे, सवलत नाही.

सोबत माझं मनगटी घड्याळ पाठवतोय. मागे पडतं. ताईच्या हातात दे. काळजी सोड असं मात्र सांगू नकोस, ती माझीच राहील.

टिल्लू

१९ मार्च

चि. टिल्लूस,

आशीर्वाद. हे पत्र मीच मार्करने लिहिते आहे, ठकीला वेळ नाही.

तुझं घड्याळ पूर्वी मागे पडायचं, आता बंद आहे. तिने दोनदा खोललं, दोनदा जोडलं. मी सांगते डावीकडे, तिला दिसतं उजवीकडे. मी कानाला लावून म्हणते आतलं बॅलन्सचं चाक घासतंय, ती म्हणते सगळं जागेवर आहे. चिमटा तिच्या हातून ओढून घ्यावासा वाटतो, आणि मग आठवतं की घेऊन करणार काय. इतका वैताग मला कुठल्या राक्षसाने दिला नव्हता. काल चिडून दोघी अबोला धरून बसलो. आज संध्याकाळी ती माझ्याआधी बाकावर हजर होती, घड्याळ तिसऱ्यांदा खोललेलं, आणि माझ्याकडे न बघता विचारत होती की घासल्याचा आवाज नेमका कसा येतो.

घारीचं पत्रक तुझ्याकडे आहे. नजर बारा लिही. आणि खालचे तिन्ही हुन्नर तू पेन्सिलीने लिहिलेस, ते पेनने गिरव.

आई