निळ्या ताऱ्यातला हिरवा तुकडा

मकबऱ्याच्या कामावरून,
४ मार्च १९९३

ती. झहूरवहिनींस सलाम, वि. वि.

इथे पाऊस आहे, गुडघे बोलतात, बाकी क्षेम. सुलतानाच्या थडग्यामागच्या भिंतीत ओल शिरली. तिथले झेलीजचे, रंगीत फरश्यांच्या नक्षीचे, तिन्ही तक्ते उतरवून जुनेच तुकडे धुऊन पुन्हा मांडायचे आहेत. एक तक्ता थामीदादाच्या हातचा. त्याच्या निळ्या ताऱ्यात एक हिरवा तुकडा आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपलं काम पालथं. रंग जमिनीकडे, वर नुसती मातीची पाठ. गिलावा ओतून तक्ता उभा केला की मगच चूक दिसते.

इथल्या कामावरचे साहेब म्हणतात, ही चूक नव्हे, नम्रता. निर्दोष फक्त अल्लाह, हे कारागिरानं मुद्दाम दाखवलंय. हिरवा जागेवरच राहावा, असा त्यांचा हट्ट आहे. दादाचं तुमच्याशिवाय कोणाला विचारू?

माया आहे तशीच असू द्या.
अब्दलिलाह

फेस शहर, ११ मार्च

अब्दलिलाह भाऊजींस सलाम, वि. वि.

पत्र माझं मीच वाचलं. हे गेल्यावर अक्षरं शिकले, आता शेजारणीला बोलवावं लागत नाही. गुडघ्यांना ऑलिव्हचं तेल कोमट करून चोळा. सांगून ऐकणार नाही, तरी सांगते.

नम्रता कसली, भाऊजी? तुमच्या भावाला कोणी नम्र म्हटलं असतं तर आधी तुम्हीच हसला असता. हरीराच्या सुपात मीठ कमी पडलं तर गल्लीला कळायचं. तो तुकडा त्यांना जन्मभर सलला. मकबऱ्याच्या उद्घाटनाचे पाहुणे दारात आले होते, बदलायला वेळ मिळाला नाही. मला तिथे कधी नेलं नाही. विचारलं की म्हणायचे, “आधी तो निळा करतो, मग ये.”

तुम्ही निळा लावा. साहेब रागावले तर सांगा, काम पालथं, हात चुकला.

लोभ पातळ होऊ नये.
झहूर

मकबऱ्याच्या कामावरून,
२ मे

ती. वहिनींस सलाम, वि. वि.

निळा लावला. तक्ता उभा राहिल्यावर साहेबांनी हिरवा शोधला. हात चुकला म्हणालो. तुमच्या घराण्याची ही रीतच दिसते, असं ते म्हणाले. पुढच्या कामाला मला बोलावणार नाहीत, पण त्याचं मनाला लावून घेऊ नका. मी उद्या घरी निघतो. तुम्ही मात्र आता जाऊन या.

मायेतला,
अब्दलिलाह

फेस, २० मे

अब्दलिलाह भाऊजींस सलाम, वि. वि.

तुमच्या मायेचं ओझं कसं फेडू, ते कळत नाही, म्हणून तो विषय सोडते.

जाऊन आले. चपला दाराशी काढल्या. आत गारवा होता. वर देवदाराचं छत, त्याखाली गिलाव्यात कोरलेली कुराणाची आयत. ती मला सबंध वाचता आली. मग मागच्या भिंतीकडे गेले. तिन्ही तक्ते एकसारखे. तिन्हींत निळे तारे, हिरवं कुठेच नाही. यांचा कोणता, ते मला ओळखता येईना. पहारेकऱ्याला विचारायला गेले, पण त्याला तरी काय माहीत असणार?

तिन्हींसमोर सारखाच वेळ उभी राहिले.

तुमची वहिनी,
झहूर