भोंग्याचा खोकला

प्रिय शोभाताई,

आज तुमची लेक ईश्वरी माइकसमोर उभी राहिली. तुमच्याच जागी, तुमचाच भोंग्या करायला. म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत मी एक गोष्ट तुमच्या घरापासून लपवून ठेवली आहे. आता ती लपवून चालणार नाही. भाऊजींना सांगायचा धीर होत नाही, म्हणून आधी तुमच्यापाशी कबूल करतो. तुम्ही रागावलात तरी मला ऐकू येणार नाही, एवढी सोय आहे!

काय दिवस होते ते, ताई! भोंग्या म्हणजे सातवी ब मधलं ते कार्टूनमधलं कार्टं. मालिका कुठे तयार व्हायची कोण जाणे. धरमपेठेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत नुसती चित्रं यायची आणि त्यात वऱ्हाडी जीव तुम्ही ओतायचात. पन्नाशीला टेकलेली बाई पदर खोचून, बारा वर्षांच्या पोराच्या आवाजात मुख्याध्यापकांना सांगायची, "सर, घंटी मी नाई लपवली, घंटीच मले पाहून लपली!" काचेपलीकडे रेकॉर्डिंगच्या टेबलावर मी डोकं ठेवून हसायचो.

पहिला खोकला कधी आला, ते मला माहीत आहे. चौदाव्या भागात. मी म्हटलं, "ताई, पाणी घ्या." तुम्ही हातानेच 'चल पुढे' केलं. मी तेवढा तुकडा उचलला. आमच्या कामात खोकला म्हणजे कचरा. शिंक, खुर्चीची करकर, बांगडीचा आवाज, सगळं कापून संगणकात एका वेगळ्या पट्टीवर टाकायचं. त्या पट्टीचं नावच मी 'कचरा' ठेवलं होतं. पुसून मात्र कधी टाकत नाही, पुढे काय लागेल सांगता येत नाही.

"लय ऐकू येते का गा, प्रशांत?" तुम्ही एकदा विचारलं होतं. त्या वेळी आवाज भोंग्याचा नव्हता, तुमचा होता.

"काही नाही ताई, मी काढून टाकतो ना! कोणाले समजणार बी नाही."

किती ऐटीत सांगितलं मी! आणि खरंच कोणाला समजलं नाही.

डॉक्टरांचं नाव मी एकदाच काढलं, तर तुम्ही उडवून लावलंत. "हात दाखवून अवलक्षण कायले करतं? पोरीची बारावी होऊन जाऊ दे." ताई, थोडा राग माझाही आहे तुमच्यावर. घरी तुम्ही नळ सोडून खोकायचात, असं ईश्वरीने नंतर सांगितलं. भाऊजी आठवडाभर मौद्याच्या वीज प्लांटवर, घरी फक्त शनिवार-रविवार. त्यांच्यापासून दोन दिवस दाबून ठेवणं तुम्हाला जमलं. माइकसमोर ते जमणार नव्हतं. म्हणजे जगात एकट्या मलाच पुरतं ठाऊक होतं. काहून ताई? मीच का सापडलो?

एकतिसावा भाग आठवतो? परीक्षा चुकवायला भोंग्या खोटा खोकतो. तुम्ही सुरुवात केलीत आणि मग थांबताच येईना. मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. दिग्दर्शक टाळ्या वाजवत ओरडला, "वा ताई, एकदम ओरिजिनल!" तुम्ही पदराने डोळे पुसत हसलात. तेवढा एक खोकला मी कापला नाही. तो टीव्हीवर गेला आणि पोरांनी उचलला. आमच्या गल्लीतली पोरं अजून तस्सं खोकतात आणि हसत पळतात. गाडी लावताना ते कानावर पडलं, की मी चावी काढायला विसरतो.

तुम्हाला भरती केलं त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "खोकला कधीपासून आहे?" भाऊजी म्हणाले, "असतील पंधरा-वीस दिवस." मी शहाळं घेऊन दाराशी उभा होतो. तोंड उघडलं असतं तरी तोवर फार उशीर झाला होता, असं मी स्वतःला समजावत आलो आहे. पण तेव्हा गप्प बसलो ते उशीर झाला म्हणून नाही. घाबरलो म्हणून. तेरवीच्या दिवशी भाऊजींनी माझा हात धरला. "अचानकच झालं गा. कोणालेच काही समजलं नाही." मी मान हलवली. त्या मानेची मला अजून लाज वाटते.

महिन्याभराने ती 'कचरा' पट्टी उघडली आणि सगळे तुकडे सलग लावून ऐकले. पहिले कोरडे, नुसता घसा साफ केल्यासारखे. मग लांबत गेले. मग दोन खोकल्यांमधला श्वास आखूड होत गेला. शेवटच्या भागांत खोकला यायच्या आधी तुम्ही हळूच म्हणता, "थांब गा." प्रत्येक वेळी. कापायच्या घाईत ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

आणि आज ईश्वरी. आवाज तर असा हुबेहूब की अंगावर काटा आला. पहिल्या दोन ओळी झकास गेल्या. तिसऱ्या ओळीला ती खोकली. त्या ओळीत खोकला लिहिलेला नव्हता.

माझं बोट आपोआप तुकडा उचलायला गेलं होतं, ताई!

"सॉरी काका," हेडफोनमधून आवाज आला, "काढून टाकाल ना?"

"कधीपासून होऊन राहिलं वं हे?"

"काई नाई काका, हवा बदलली ना."

"तुझ्या बाबाले माहीत आहे?"

ती नुसती हसली. धुळीचा असेल. एसीचा असेल. देव करो आणि तसंच असो. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि तिला घरी पाठवलं. निर्माता बोंबलतो आहे, बोंबलू दे.

इथवर लिहून उठलो आणि भाऊजींना फोन केला. सगळं सांगितलं. चौदावा भाग, कचऱ्याची पट्टी, दाराशी उभा राहून गप्प बसलो ते आणि आजचं. पलीकडे प्लांटची घरघर चालू होती. मग म्हणाले, "पोरीले उद्याच दाखवतो. सुट्टी टाकून निघतो मी." आणि मग, "शोभाचे ते खोकले, सगळे आहेत तुझ्यापाशी?"

"आहेत भाऊजी."

"रविवारी घेऊन ये गा. मले ऐकायचे आहेत. पहिल्यापासून."

ताई, तुम्हाला वचन देतो. रविवारी प्रताप नगरला तुमच्या घरी येतो. एकही तुकडा कापणार नाही, आवाज बारीक करणार नाही. ते ऐकत असतील तोवर समोरून उठणार नाही. हा कोणत्या महिन्यातला म्हणून त्यांनी विचारलं, तर महिना सांगेन. आणि सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी मला दार दाखवलं, तर बाहेर जाईन, पण तुमच्या ईश्वरीचा रिपोर्ट हाती येईपर्यंत पायरीवरून हलणार नाही.

तुमचा,
ऐकूनही न ऐकणारा
प्रशांत