आठवड्याला दोन लाद्या

ईरी, पेनसिल्व्हेनिया
४ ऑक्टोबर १९७९

चि. लोरेटा हिस,
अ. उ. आशीर्वाद. अंतराळयानाला आठवड्याला दोन लाद्या बसवतेस म्हणे! तीस वर्षं मी या गावातली न्हाणीघरं करतोय. दिवसभरात दोन लाद्या बसवून घरी आलो असतो, तर तुझ्या आईने दारातूनच परत पाठवलं असतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब, दुसरं काय!

ऐक, लादी आधी पाण्यात भिजवायची. बसली की बोटाने टकटक करायची. पोकळ वाजली तर उपटायची. मुकादम खूश होईल. आई बटाटा भरलेल्या पिएरोगी पाठवतेय, फ्लोरिडाच्या उकाड्यात टिकतील का?
आठवण ठेव.
तुझा बाबा, लुडविक

टायटसव्हिल, फ्लोरिडा
१९ ऑक्टोबर १९७९

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. मुकादम मुळीच खूश झाला नाही. मी टकटक केली आणि त्याने सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. या लाद्या पावासारख्या हलक्या, नख लागलं तरी खूण उमटते. भिजवायचं तर नावच काढू नका! प्रत्येकीचा आकार वेगळा. गोंद लावून तासन् तास दाबून धरायची, मग यंत्राने ओढून बघायची. सुटली की पहिल्यापासून सुरुवात.

आजवरची यानं एकदा जाऊन आली की संग्रहालयात. हे परत येऊन पुन्हा जायचंय, आणि येताना भट्टीसारखी आग, ती या लाद्यांनीच अडवायची. आत दोन माणसं असणार. माझीच लादी सुटली तर? बाबा, मला भीती वाटते.

पिएरोगी वाटेत आंबतील, पण आईला सांगू नका. पाठवू दे.
माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची लोरेटा

टायटसव्हिल
१५ एप्रिल १९८१

ती. बाबांस,
सा. न. यान काल उतरलं, दोघं सुखरूप आहेत! रविवारी उड्डाणानंतर टीव्हीवर लाद्या गळलेल्या दिसल्या, त्या शेपटीजवळच्या. माझ्या एकशे बारा पोटाखाली, सगळ्या जागेवर आहेत. मी मुकादमाच्या गळ्यात पडून रडले.

पण तुम्ही फोनही केला नाहीत. आई म्हणते, रविवारी तुमच्या क्लबातून निघालात ते दुपारपर्यंत बेपत्ता. रागावलात का?
उत्तराची वाट बघतेय.
तुमची लोरेटा

ईरी
२० एप्रिल १९८१

चि. लोरेटा हिस,
अ. उ. आशीर्वाद. रागावलो नव्हतो गं. यानाचं पोट माझ्या पोरीने मढवलंय, असं मी क्लबभर सांगून ठेवलं होतं. झावळ्यांच्या रविवारची चर्चमधली मिस्सा बुडवून क्लबात टीव्हीसमोर बसलो, तर पडद्यावर काळे चौकोन! सगळी टोळी माझ्याकडे वळली. झिगमुंट म्हणाला, लुडविक, बापाचा हात लेकीत उतरलाय.

मी टोपी उचलली आणि चर्च गाठलं. गुडघे टेकून म्हटलं, देवा, लोरेटाची नसू दे. कोपऱ्यापर्यंत परत आलो आणि माझी मलाच लाज वाटली. लादी कुणाची सुटली, याने वरच्या दोघांना काय फरक पडणार होता! मागे फिरलो तर दाराला कुलूप. मग पायरीवरच बसलो आणि म्हटलं, माझ्या पोरीची असली तर असू दे, पण त्या दोघांना घरी पोचव.

मंगळवारी ते उतरले तरी तुला कोणत्या तोंडाने फोन करणार होतो? त्या दोघांच्या बदल्यात देवाकडे मी तुझं नाव ठेवून आलो होतो.
राग धरू नकोस.
तुझा बाबा