आतोबांचे निळे शर्ट

तीर्थरूप आत्या,

मातीने भरलेल्या हातांचा (म्हणून लांबूनच) साष्टांग नमस्कार. ताई आणि बाळ सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझी कंबर कशी आहे? इकडे सगळं ठीक, फक्त आतोबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

त्याचं असं झालं. तू ताईला आणि बाळाला घेऊन येणार, बाळ पाणी पिणार आपल्याच विहिरीचं, आणि आतोबा निघाले विहिरीलगतच्या शेतात कीडनाशक टाकायला. तिथली जमीन वरून फरशीसारखी टणक, मधे बोट जाईल एवढ्या भेगा. मी म्हटलं, औषध भेगांतून थेट विहिरीत उतरेल, आधी वरची माती खुरपून भुसभुशीत करू. (मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. त्यांच्या लेखी हे पगारी चिखलात खेळणं.) "औषधाला काय पाय फुटलेत?" म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं.

मग मीही हट्टाला पेटले. अर्धं शेत खुरपलं, अर्धं तसंच ठेवलं, आणि दोन्हींवर झारीने खायचा निळा रंग कालवलेलं पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी खणून पाहिलं, तर खुरपलेल्या भागात रंग वरच्या वीतभर मातीतच मुक्काम ठोकून होता (तिथे माती औषधाला धरून ठेवते आणि हळूहळू निकामी करते). टणक भागात मात्र वर नावाला डाग, बाकीचा रंग भेगा धरून पसार. कुठे गेला ते शोधावं लागलं नाही. बाळाला आणायला जाताना घालायचे म्हणून आतोबांनी तीन पांढरे शर्ट विहिरीच्या पाण्यात (चष्मा न लावता) भिजत घातले होते. ते आभाळाच्या रंगाचे होऊन बाहेर आले.

मला आधी हसू फुटलं, मग वाटलं, रंगाच्या जागी औषध असतं तर? आतोबा विहिरीत डोकावले आणि शर्ट पिळून घरात घेऊन गेले. फवारणीचं काय ठरलं हे विचारायची माझी छाती होत नाही. तुझा शब्द ते मोडत नाहीत, तेव्हा एवढं तूच बोल.

तुझी भाची

ता. क. राहू दे, बोलू नकोस. खिडकीतून दिसतंय, आतोबा निळा शर्ट घालून उरलेलं शेत खुरपताहेत. औषधाचा डबा कुलपात गेलाय.

आणखी ता. क. (संध्याकाळी) ही युक्ती आपलीच असं ते सगळ्यांना सांगत सुटलेत. तुलाही सांगतील, तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं कर. माझ्या सांगण्यावरून कुणी खुरपं उचललं नव्हतं. त्यांचं ऐकून शेजारची दोन शेतं आजच खुरपून झाली.