नवव्या टेकमधला ‘वा’

तीर्थस्वरूप मामी,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कागदावरच). गुडघा कसा आहे? लेकीकडे आराम मिळतोय असं तुम्ही लिहिता, पण बाळंतिणीच्या घरात आराम कुणाला मिळतो ते मलाही कळतं. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहिणार होतो. पण ते पूर्ण खरं नाही. मामा चार दिवस माझ्याशी धड बोललेले नाहीत.

त्याचं असं झालं. मामांच्या गायनवृंदाचं रेकॉर्डिंग एकदाचं पार पडलं. तेच साडेचारशे वर्षांपूर्वीचं लॅटिन प्रार्थनासंगीत: वाद्य एकही नाही, पाच गट पाच वाटांनी निघतात आणि शेवटी एका सुरावर येऊन भेटतात. (देवाबद्दल मला नक्की काय वाटतं हे मी वीस वर्षं डायरीत ठरवतोय, पण ते पाचही गट त्या सुरावर पोचले की तो प्रश्न तेवढ्यापुरता गप्प बसतो.) मला गाता येत नाही, म्हणून मामांनी माझ्या हाती वही दिली. प्रत्येक टेकमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रत्येक खेपेला, काय बिघडलं ते लिहायचं. मी प्रामाणिकपणे लिहिलं: तिसरा – पान उलटल्याचा आवाज; पाचवा – बाहेर ट्रक; सहावा – वृंदातल्या डेंटिस्टबाईंचं पोट गुरगुरलं. (त्याही बोलत नाहीत.)

नववा मात्र असा झाला, की शेवटचा सूर त्या दगडी सभागृहात कितीतरी वेळ घुमत राहिला. अशा वेळचा मामांचा नियम तुम्ही तीस वर्षं ऐकताय: “सूर थांबला म्हणजे गाणं संपलं नाही, गाढवांनो! मी हात खाली घेईपर्यंत श्वाससुद्धा नको.” आणि त्या घुमण्यातच कुणीतरी हळूच ‘वा’ म्हणालं. माझे डोळे भरले होते, स्वतःचं भान नव्हतं. म्हणून मी लिहिलं, ‘माणसाचा आवाज, बहुधा माझा.’ झालं! मामांनी टेक बाद केला. त्यानंतर सगळ्यांचे घसे बसले. आता आठवा घ्यायचा म्हणतात, ज्यात मधला गट चक्क घसरलाय.

काल रेकॉर्डिस्टने माझ्या कानाला हेडफोन लावले. “हा ‘वा’ काढला तर त्याच्या खालचा सूरही जाईल, साहेब. पण आवाज तुमचा नाही. तुम्ही मागच्या भिंतीपाशी होतात, हा पुढच्या माइकजवळचा आहे.” तिथे एकच माणूस उभा होता, मामी. त्या माणसाला मी विचारलं, तर माझीच वही माझ्यासमोर धरली: “अक्षर कुणाचं आहे? मग!”

गुडघ्याला जपा. बाळाला आशीर्वाद.

तुमचा,
भाचा

ता. क. : सोबत नववा टेक पाठवतोय. आवाज तुम्ही ओळखालच. मामा या वर्षी वृंद सोडतायत आणि वृंद याहून चांगला कधीच गायलेला नाही. तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकणार?

ता. क. दुसरा : स्वतःचा नियम स्वतःच मोडल्याची त्यांना लोकांपुढे लाज वाटत असेल, तर वहीतला ‘बहुधा’ खोडून मी खाली सही करून देतो. खोटं लिहिल्याचं मला पुढची काही वर्षं टोचत राहील. डायरीला विषय होईल. टेक मात्र राहू द्या.