तब्येत जरा बरी नाही

रविवार, १० मार्च १९६३

ईदनंतर आज पहिल्यांदा वही उघडली. उशीर झाला, रागावू नकोस. सुट्टीत घरी आलो की तुला वाचून दाखवायची म्हणून लिहितो, आणि इतकी पानं कोरी दिसली तर तू म्हणणार, एवढे दिवस काय झोपला होतात? झोपलो नव्हतो. खोकला होता. तंबाखूचा नव्हे, धुळीचा. तंबाखूची डबी तू मागच्या सुट्टीत लपवलीस ती अजून तुझ्याकडेच आहे. होडीत पाय ठेवेपर्यंत विचारत होतो, तू पदर तोंडाला लावून हसत राहिलीस.

इथे वफ्र्याच्या तेलकॅम्पात आमचे अमेरिकन साहेब तोंडं पाडून बसलेत. बेसबॉलचे मागचे तिन्ही सामने हरले. कोणाची बॅटच लागत नाही. हवेत फिरते आणि परत येते. बॅटी मी सांभाळतो, त्यामुळे मलाच उगीच चोरट्यासारखं होतं. आज सगळ्या पुसून उन्हात ठेवल्या. त्याने काही होणार नाही, माहीत आहे.

मंगळवार, १२ मार्च

आज ऐकलं ते तुला कधी सांगेन असं झालंय.

पुढचा सामना शुक्रवारी २२ तारखेला, कुवेतच्या मीना अल-अहमदी बंदराच्या संघाशी, त्यांच्या मैदानावर. त्यांचा चेंडू फेकणारा साहेब रजेवर अमेरिकेला गेला. त्याच्या जागी कोण? आपला इस्माईल.

पाइप साहेबांनी सांगितलं. (आमच्या संघाचे म्होरके. तोंडात कायम पाइप. पुढे पा. सा. लिहितो.) म्हणाले, तुझा मुलगा आम्हाला बाद करायला येतोय. हसत होते, पण पुरतं हसू नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पोर माझ्याकडे या कॅम्पात होता तेव्हा संध्याकाळी याच साहेबांना सरावाला चेंडू टाकायचा. मग मीनाच्या धक्क्यावर फिटरची नोकरी लागली आणि तिकडे गेला. तीस-चाळीस मैल, पण महिनोन्‌महिने भेट नाही.

आनंद झाला. पण साहेबलोकांच्या संघात आपलं पोर. हरला तर त्याच्यावरच ढकलतील.

गुरुवार, १४ मार्च

सगळा कॅम्प एकच बोलतो. लांब्या विरुद्ध इस्माईल.

लांब्या म्हणजे आमचा फेकणारा. तेलविहिरीवर काम करतो, दारातून वाकून आत येतो. त्याचा चेंडू दिसतच नाही, मागे झेलणाऱ्याच्या हातमोज्यात आवाज होतो तेव्हा कळतं की आला. पण अर्धा खेळ झाला की खांदा उतरतो आणि मग कोणीही मारतो. इस्माईलचा चेंडू वेगाचा नाही. तो कमरेजवळून, आडव्या हाताने फेकतो. खाडीत चपटे दगड टप्पे खात पलीकडे पाठवायचा, आठवतं? तसाच. चेंडू समोर येतो येतो वाटतो आणि ऐनवेळी खाली बसतो. आमचे साहेब सगळे जोर लावून आभाळात मारणारे. आधीच हात बिघडलेले, त्यात असला चेंडू. मला तर वाटतं लागणारच नाही.

पा. सा. नी विचारलं, थकला की काय करतो तो? मी म्हटलं, ठाऊक नाही. खोटं नव्हतं. मैदानावरचं ठाऊक नाहीच; घरी थकला की मुकाट बसायचा, ते तुला ठाऊक.

दुआ कोणासाठी मागायची तेच कळेना. शेवटी कोणाचा हात मोडू नये एवढं मागितलं.

शनिवार, १६ मार्च

हसन परत आला. मेसमधला आपला खाडीपलीकडचा हसन, ईदेला घरी गेलेला. सगळ्यांची पुडकी घेऊन आला. कोणाला आमसुलं, कोणाला सुका जवळा, कोणाला कुळथाचं पीठ. माझं काही नव्हतं. असं कधी होत नाही. कोणी येणार म्हटलं की तिकडून पुरचुंडी येतेच, चिंधीत बांधलेली, दोन गाठींची.

विचारलं, आमच्याकडे गेला होतास ना? तो पातेलं घासत होता. वर न बघता म्हणाला, "मामींची तब्येत जरा बरी नाय, मामू. काळजी करण्यासारखं काय नाय."

मी बरं म्हटलं. खोलीत आलो. बसलो.

सोमवार, १८ मार्च

दोन रात्री डोळा नाही.

हसनचे ते शब्द माझेच आहेत. कॅम्पात आपल्याकडचे पंधरा-वीस जण, त्यात वयाने मी मोठा. कोणाच्या घरचं माणूस गेलं की निरोप आधी माझ्या कानावर येतो, आणि त्याला मी सांगतो. काय सांगतो? तब्येत जरा बरी नाही. एकदम सांगायचं नाही, ही आपली रीत. परक्या मुलखात, वाळवंटात, एकट्याने कसं सोसायचं. आधी जरा बरी नाही, मग बरीच बिघडलीय, मग त्याच्या चेहऱ्यावरच दिसतं की त्याला उमगलं, आणि आपण नुसतं शेजारी बसायचं. कासीमच्या बापाच्या वेळी असंच केलं. तेव्हा कासीमने माझे दोन्ही हात धरून विचारलं होतं, खरं सांगा. मी खोटी शपथ घेतली होती.

आज मी हसनचे हात धरले. त्याने शपथ घेतली. नुसता ताप आहे म्हणाला, अंथरुणाला आहे, मी या डोळ्यांनी बघितलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ताप सांगताना कोणी रडतो का? की मी हात आवळले म्हणून?

ताप असेल. माणसाला ताप येतोच. पण खरोखर ताप असेल तर ते सांगायला आमच्याकडे शब्दच उरलेला नाही.

तार करावी म्हणावं, तर तारेतही तेच येतं. तब्येत गंभीर.

आणि एक. परवापासून मला कोणी ओझं उचलू देत नाही. बॅटींच्या पिशवीला आजवर मी कोणाला हात लावू दिला नाही. आज ती कासीमनेच खांद्यावर घेतली. म्हणाला, बसा तुमी.

वहीत आता ‘तू’ लिहायला हात...

बुधवार, २० मार्च

संध्याकाळी सराव. साहेबांनी बॅटी बदलल्या, उभं राहायची जागा बदलली, मारणाऱ्यांचा क्रमही बदलला. एकाने दाढी काढली. काही नाही. लांब्याने मुद्दाम हळू फेकले तरी लागेना. पा. सा. माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, शुक्रवारी एक तरी धाव मिळाली तर देवाचे आभार. मग विचारलं, "बाप कोणाच्या बाजूने?"

"बॅटींच्या," मी म्हटलं. ते खूप हसले. इथल्या कोणी त्यांना काही सांगितलेलं दिसत नाही. बरं वाटलं, एक तरी माणूस माझ्याशी नेहमीसारखा बोलतो.

इस्माईलला कसं सांगायचं, यावरून मेसमध्ये बोलणं झालं. हसन म्हणतो सामन्यानंतर. कासीम म्हणतो आधीच सांगा, पोराचा हक्क आहे. पण सांगायचं काय? मला काय माहीत आहे?

गुरुवार, २१ मार्च

ठरवलं. सामन्यानंतर. साहेबांच्या संघात पहिल्यांदा उभा राहतोय, तेवढं होऊ दे. उद्या पिशवी मी स्वतः उचलणार, हसनला बजावलं. त्याने नेहमीसारखी थट्टा करायची, एरवी विसरतो तशी माझ्या चहात साखर विसरायची. माझ्या हाताखाली कोणी हात धरायचा नाही. पोराची नजर तीक्ष्ण आहे, आईसारखी.

दुपारपासून वारा. आमच्या सरावाच्या मैदानासाठी नवीन तीन उशा शिवल्या. या खेळात तीन कोपऱ्यांवर किंतानाच्या उशा आणि चौथ्यावर, म्हणजे घरी, सपाट पाटी असते; उशांना पाय लावत घरी परत आलं की एक धाव. गलबतावर शिडं शिवायचो तोच टाका घातला. बोटात सुई गेली.

शुक्रवार, २२ मार्च

जुम्म्याची नमाज करून बसमधून मीनाला. पिशवी मी उचलली. जड होती, पण उचलली. इस्माईल समोरून धावत आला, पाय धुळीने माखलेले, डोक्यावर त्यांची निळी टोपी. बारीक झालाय. म्हणाला, "बाबा, आज तुमच्या साहेबांना रडवतो बघा." मी म्हटलं, रडव. आवाज नीट निघाला असं मला वाटलं.

सुरुवात मी सांगितली होती तशीच. लांब्याचा चेंडू दिसेना, इस्माईलचा लागेना. इकडे शून्य, तिकडे शून्य. आमचे एकेक जण येत, वारा घालत आणि माघारी. बॅट माझ्या हातात देताना नजर चुकवत. एवढं दुःख बाजूला ठेवून सांगतो, पोर देखणा खेळत होता.

पाचव्या डावात (या खेळात नऊ असतात) ऊन फिरलं. बॅटी तापायला लागल्या म्हणून मी पिशवी सावलीत न्यायला उठलो. मागून हसन आला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, चार दिवसांची सवय. माझ्या हातातून त्याने पिशवी काढून घेतली, दुसऱ्या हाताने माझा दंड धरला आणि मला खाली बसवलं. हळूच, काचेच्या भांड्यासारखं.

मी समोर बघितलं. इस्माईल चेंडू हातात धरून उभा होता आणि आमच्याकडे बघत होता.

पुढचा चेंडू बाहेर. त्याच्यानंतरचाही बाहेर. या खेळात चार चेंडू बाहेर गेले की समोरचा बॅट न फिरवता पहिल्या उशीवर जातो. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्याला पण चार बाहेर, मग पहिला चालत चालत घरच्या पाटीवर आला. धाव. तसाच दुसरा आला. मग त्यांनी इस्माईलला बाहेर बसवलं.

आम्ही जिंकलो. दोन-शून्य. लांब्याचा खांदा आज कसा कोण जाणे शेवटपर्यंत टिकला. बॅट एकदाही लागली नाही. साहेब मला उचलून नाचवायला आले. पा. सा. माझी पाठ थोपटत होते.

तो मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागे बसला होता. मी जवळ गेलो. मनात घोकून ठेवलं होतं की ते रीतीचे शब्द बोलायचे नाहीत, सरळ सांगायचं, हसन असं असं म्हणाला, खरं काय ते मलाही ठाऊक नाही. तोंडातून निघालं, "तुझ्या आईची तब्येत जरा बरी नाही."

त्याने टोपी काढली. "कधी गेली?"

मी म्हटलं, अरे, गेली नाही. ताप आहे म्हणतात. त्याने मान हलवली, कासीमने हलवली होती तशी. मग सरकून मला जागा करून दिली. मी शेजारी बसलो. आणखी काय करणार.

शनिवार, २३ मार्च

कॅम्पात साहेबांची मेजवानी. पा. सा. नी केक पाठवला. हसनने तो आणून ठेवला आणि दारातून वळला. म्हणाला, "मामू, माझ्या मुलाची शपथ घेऊ का?" मी म्हटलं, नको.

मंगळवार, २६ मार्च

इस्माईल आला होता. रजेचा अर्ज दिलाय, पुढच्या बोटीने जातो म्हणतो. मी म्हटलं, थांब, आधी मामाला पत्र टाकतो, उत्तर येऊ दे. तो म्हणाला, उत्तर काय येणार ते आपल्याला माहीत नाही का? मामा लिहिणार, काळजी करू नका, इस्माईलला पाठवा.

म्हणून मी तब्येतीचं विचारलंच नाही. तुझ्या भावाला पत्र लिहिलं, एअरमेलने टाकलं. एकच गोष्ट विचारली. माझी तंबाखूची डबी बहिणीने कुठे लपवली ते तिला विचारून लिहा. ती जागा तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. कोणी धीर द्यायला, समजूत घालायला, रीत म्हणूनसुद्धा ती बनवून लिहू शकणार नाही. घरभर शोधतील, सापडायची नाही. तू लपवलेली वस्तू कधी कोणाला सापडली?

इस्माईलला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तो थोडा हसला. उत्तर येईपर्यंत थांबतो म्हणाला. दोघांपैकी कोणीही अजून गेलेल्यासाठीचा फातिहा पढलेला नाही.

हसन चहा ठेवून गेला. साखर विसरला. मुद्दाम की काय, कळेना.

डबी मला नको. तंबाखू सोडली असं समज. चुलीमागे ठेवलीस, पेटीच्या तळाशी, की तांदळात खुपसलीस, एवढाच एक शब्द भावाला सांग. ताप असला तरी सांग. लवकर कळव.