उजव्या बाजूचा ब्रेक

॥ श्री ॥
फ्रीगंज, उज्जैन
४ नोव्हेंबर २०२४

चि. निहारिका हिस विष्णूकाकाचे अनेक आशीर्वाद.

नागपुरात विमानं तपासून सह्या ठोकणाऱ्या पुतणीला हा हँगरातला रिपोर्ट. आपल्या म्हाताऱ्या दोन सीटवाल्या विमानाचे जुने तारेचे ब्रेक काढले, तेलाचे बसवले. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाचं काम, पण एकदम फर्स्टक्लास! फक्त डावं पेडल पावासारखं मऊ लागतंय. वरून तेल ओततोय, हवा काही निघत नाही. निघेल, जाते कुठे!

खरी अडचण तुझी मंगलाकाकू. तिला शेजारी बसवून क्षिप्रेवर एक चक्कर मारायची, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप, आणि ती म्हणते मैं तो नहीं बैठूँगी. का, तर तिच्या पायाशी ब्रेक नाही. स्कूटरवर मागे बसूनही ती पाय दाबते, तुला ठाऊकच आहे. पुढच्या मेडिकलमध्ये डॉक्टरने मला उडू दिलं नाही, तर राहूनच जाईल गं. तू समजाव तिला.

उत्तर कागदावर, चित्र काढून पाठव. तेलकट हातांनी मोबाइल उघडत नाही.

लोभ आहे, तो तेलासारखा आटू देऊ नये.
तुझा विष्णूकाका

नागपूर
११ नोव्हेंबर

ती. काकांस, शि. सा. नमस्कार.

काकू फोनवर म्हणाली, टावर चौकातून गाडीच्या ब्रेकचं तेल आणलंत. अहो काका! त्याने विमानाच्या ब्रेकमधले रबरी सील फुगतात आणि ऐनवेळी दगा देतात. सगळं काढा, नळ्या स्पिरिटने धुवा. नवे सील आणि विमानाचं लाल तेल पाठवतेय. तेही वरून ओतायचं नाही, चाकापासून वर चढवायचं. हवा वर जायला बघते, तिला खाली का रेटता? तेलाच्या वरच्या डब्यापाशी काकूला बसवा. बुडबुडे संपले की ती सांगेल.

आणि काकूला मी समजावणार नाही. तिचं बरोबर आहे. उजवीकडेही पेडल्स बसवायची सोय मूळ नकाशातच आहे. सामान सोबत पाठवलंय. जमिनीवर चालवून बघा. मी येऊन तपासल्याशिवाय उडायचं नाही, म्हणजे नाही.

काकूला नमस्कार, तुम्हाला प्रेमाची दटावणी.
तुमची निहारिका

फ्रीगंज, उज्जैन
२ डिसेंबर

चि. निहारिका हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मी लिहितेय, कारण तुझे काका लाजतायत.

सील बदलले, माझ्या बाजूलाही पेडल्स बसवली, लाल तेल खालून चढवलं. मी डब्यापाशी डोळे लावून बसले होते. पेडल्स चारही टणक झाली. काल धावपट्टीवर गेलो. उडायचं नव्हतं, म्हणून बसले. हे जोरात निघाले आणि क्षिप्रा कुठून दिसेल ते मला हात करून दाखवू लागले. समोर रोजडा, म्हणजे नीलगाय! केवढा तरी, घोड्याएवढा. यांचं लक्षच नव्हतं. मी दोन्ही पाय दाबले. विमान नाकावर जरा झुकलं आणि सरळ उभं राहिलं. रोजडा आमच्याकडे बघून निघून गेला.

यांचे डोळे भरून आले. म्हणाले, चल घरी, पुन्हा कधी बस म्हणणार नाही. मला इतकी वर्षं भीती एकच होती, थांबायची वेळ आली तर माझ्या हातात काही नसेल. ती काल गेली बघ. मी यांना म्हटलं, तुम्ही म्हणूच नका, मी आपणहून बसणार.

तेव्हा लवकर ये, तपास, सही कर. पोहे-जलेबी माझ्याकडून. मात्र उजवी सीट मागू नकोस, ती माझी आहे.

माया आहेच, ती घेऊन ये.
तुझी मंगलाकाकू